रुसायला माणसं हवीत

रविवार, १७ जानेवारी १९९९

माफ कर बाई वही. फार उशीर झाला. दिवाळीनंतर तुला हात लावला नाही, आता संक्रांतही होऊन गेली. लिहायला बसलो की काळज्याच लिहून होतात, आणि लिहिल्या की खऱ्या वाटायला लागतात — म्हणून नको म्हटलं. पण आज एक वाक्य तोंडातून निघून गेलं आहे आणि ते कुठे तरी ठेवलं पाहिजे.

जुईचं आहे. माझी नात, चंद्रकांतची मुलगी. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाल्यापासून ती सागरच्या क्लासमध्ये शिकवते आणि शिकवून झालं की त्याच मशीनपुढे बसून राहते. मी समजत होतो, शिकवणीची तयारी. आज जेवताना सगळं बाहेर आलं.

कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी मिळून लिहिण्याचा एक प्रोग्राम केला आहे. एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही! तो फुकट वाटतात. आणि आतली सगळी कृती उघडी ठेवतात — ज्याला हवी त्याने बघावी, बदलावी. ओपन सोर्स म्हणतात त्याला. जुईने त्यात मराठी घातली. वर्षाहून जास्त खपली पोरगी, आणि घरात कोणाला पत्ता नाही.

आता मार्चमध्ये त्यांची नवी आवृत्ती निघणार. त्या लोकांनी ई-मेलवर कळवलं — ती वापीला जाऊन बघते ते — की मराठी घेऊ, पण आधी दहा तरी साध्या माणसांनी ती वापरून बघायला हवी आणि काय काय बिघडतं ते लिहून द्यायला हवं. होळीच्या आत. नाहीतर मराठी वगळून बाकीचं निघेल.

चंद्रकांत म्हणाला, "निघालं तर आनंद आहे. नाही निघालं तर पाडव्यापासून माझ्या कंपनीत डिस्पॅचला बस. साहेबांशी बोललोय मी."

जुई ताटाकडे बघत म्हणाली, "बसेन." मग हळूच, "पण पप्पा, दहा माणसं कुठून आणू? पगार नाही, काही नाही. कोण येणार?"

आणि मी बोललो — "मी आणतो!"

कशाला बोललो!


सोमवार, १८ जानेवारी

दहा माणसं! माझ्या ओळखीतली निम्मी वारली.


बुधवार, २० जानेवारी

जुईला विचारून घेतलं, माणसं आणली तर त्यांनी करायचं काय.

"वापरायचं आणि मोडायचं, आबा."

"मोडायचं?"

"म्हणजे कुठे मोडतंय ते शोधायचं. मला ते दिसत नाही. मी केलंय ना, माझे हात आपोआप चांगल्याच रस्त्याने जातात."

हे मला पटलं. पण मनातली भीती गेली नाही. मोडायला सांगायचं आणि खरंच मोडलं तर? सागरची मशीनं आहेत. आणि ते व्हायरस म्हणतात ते — माणसाला लागतं का, हे मी विचारलं तर आतून विद्या इतकी हसली, सासऱ्यासमोर सून अशी हसत नाही.

संध्याकाळी किलवणी नाक्यावर सागरच्या क्लासवर गेलो. भला गुजराती पोरगा आहे. रविवारी सकाळी दोन मशीनं देतो म्हणाला. "चालशे आबा, बेसो ने तुम्ही पण! हा माऊस पाळलेला आहे, चावत नाही."

मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा खिशात होता. माझी चौथी झालेली, जन्म गेला धाग्याच्या कंपनीच्या गेटवर. त्या मशीनला काय हात लावू? माणसं आणायची तेवढं माझं काम.


रविवार, २४ जानेवारी

चार दिवस पायाला चक्र. लिहून ठेवतो.

सुकदेव — शिरपूरकडचा, धाग्याच्या मशीनवर असतो. पाळी सुटल्यावर टपरीवर गाठला. "मी काय करू तठे, आबा? मले फक्त कॅरम येतो." म्हटलं, मराठी वाचता येतं ना? "पेपर वाचतो. शेवटचं पान." म्हटलं, पुरे!

चिमाबाई — आमच्याच आळीतली, पापड करून विकते. तळासरीकडची. तिने सरळ विचारलं, "पैसं लागतील?" नाही. "देतील?" नाही. "मंग कोण कशापायी करतंय ह्ये?" म्हटलं, जुईसाठी. "असं बोल ना मंग. येते."

कौस्तुभ साहेब — नाशिकचे इंजिनियर, दादऱ्याच्या कारखान्यात माल पास-नापास करायचं खातं त्यांच्याकडे. मला गेटवर नमस्कार करायचे, म्हणून धीर झाला. म्हणाले, "फुकट आहे, मग बिघडलं की धरायचं कोणाला?" म्हटलं, जुईला धरा, आमच्याच घरी असते. हसले. येतो म्हणाले, दोघा मित्रांना घेऊन.

शोभाबाई — मराठी शाळेतल्या. त्यांनी एका दमात सांगितलं, आमच्या शाळेतून पाचजणी येऊ. मी घाबरून दोनदा विचारलं, नक्की ना? "आबा, लग्नाची तारीख काढताय का?"

मोजले. दहा होतात! घरी येऊन जुईला सांगितलं तर तिने माझा हात धरून ठेवला कितीतरी वेळ. आता एकाला जरी ताप आला तर काय करायचं, या विचाराने जेवण गेलं नाही.


रविवार, ३१ जानेवारी

झालं! सगळे आले! आणि सगळ्यांना आवडलं!

मी क्लासच्या दाराशी उभा होतो. आत जाण्याआधी प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगितलं — पोरीने फार कष्ट घेतलेत हं, तिचं मन मोडेल असं काही लिहू नका. सगळ्यांनी मान डोलावली. चांगली माणसं आहेत.

दोघं दोघं बसले. जुईने कागद दिले होते, काय बिघडलं ते लिहायला. शोभाबाईंनी लिहिलं 'अतिशय सुंदर उपक्रम'. कौस्तुभ साहेबांनी लिहिलं 'उत्तम'. सुकदेवने लिहिलं 'छान आहे, चालू ठेवा'. चिमाबाईंनी नुसता आशीर्वाद दिला, तो शोभाबाईंनी लिहून घेतला. विद्याने पाठवलेले तिळाचे लाडू वाटले. एवढं निर्विघ्न माझ्या आयुष्यात काही पार पडलेलं नाही.

जुईने मात्र सगळे कागद वाचून लाडू न खाताच पिशवी उचलली. दमली असेल.


मंगळवार, २ फेब्रुवारी

दमली नव्हती.

काल वापीहून कागदांवरचं सगळं पाठवलं होतं, आज पुन्हा जाऊन आली. तिकडून उत्तर आलंय. कौतुकाबद्दल आभारी आहोत, पण यात अहवाल एकही नाही. एकही दोष सापडला नाही म्हणजे कोणी तपासलेलंच नाही असं आम्ही धरतो.

दहाच्या दहा वाया!

"आबा, बसल्या जागी मीच बघितलं," जुई म्हणाली. "चिमामावशींची अक्षरं एकावर एक चढली होती. आणि त्यांनी पदर धरला पडद्यापुढे! मला दिसू नये म्हणून!"

मी चष्मा पुसायला घेतला. मग तीच म्हणाली, "शोभाबाईंचं पानभर लिहिलेलं गायब झालं, त्यांनी मुकाट्याने पुन्हा लिहून काढलं. मी विचारलं, काही हरवलं का? तर म्हणतात, छे छे, हात बसवत होते. असं का वागतात सगळे? कोणी सांगितलं त्यांना?"

मी सांगितलं, मीच सांगितलं.

रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आबा, ते माझं प्रगतिपुस्तक नव्हतं. मला आत्ता समजलं नाही, तर ते बिघडलेलंच जगभर जाईल. किंवा जाणारच नाही."


रविवार, ७ फेब्रुवारी

आज उलट सांगितलं. दाराशी उभा राहून प्रत्येकाला हात जोडले — चुका काढा हो, लाज नको, मनसोक्त काढा! काही उपयोग नाही.

सुकदेव म्हणाला, "आबा, फुकट दिलं पोरीनं. वर चहा पाजते. अन् मी खोड काढू? माझी माय मले उभं करणार नाही दारात."

चिमाबाई म्हणाली, "माझंच चुकलं असंल. मला कुठं काय येतंय."

कौस्तुभ साहेबांना म्हटलं, तुम्ही तर रोज माल नापास करता! ते जरा अवघडले. "तिथे विकणारा समोर असतो, आबा. त्याच्याशी भांडायचा मला पगार मिळतो. इथे जुई समोर उभी राहून विचारते, कसं वाटलं? काय सांगू तिला?"

खरं तर मीही तेच केलं असतं. कोणी प्रेमाने वाढलं तर खारट झालंय म्हणतो का आपण? दोनदा मागून घेतो!

जुईने आज कागद गोळा केलेच नाहीत. म्हणाली, "राहू द्या आबा. तुम्ही आणलीत माणसं, तुमचं काम झालं."

ते ऐकून जास्तच वाईट वाटलं.


गुरुवार, ११ फेब्रुवारी

चंद्रकांतने डिस्पॅचच्या साहेबांना पुन्हा विचारलं म्हणे. जुईचा फोटो मागितलाय, ओळखपत्रासाठी. तिने दिला.


शुक्रवार, १९ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते विसरायच्या आत लिहितो.

सुकदेवच्या भाच्याचं लग्न होतं, दादऱ्याला, वनगंगा बागेजवळच्या हॉलमध्ये. सुकदेव म्हणजे नवऱ्या मुलाचा मामा. कडक फेटा, नवा सदरा. हाच तो माणूस, टपरीवाल्याने गार चहा दिला तरी फुंकून पितो!

आज त्याचा अवतार बघावा. "पाणी कोमट आहे! मामाला कोमट पाणी?" — "बुंदी दातात बसते!" — "आमच्या मंडळींच्या खोलीत पंखा एक अन् माणसं वीस!" — "फेटा बांधणारा कुठे आहे? हा फेटा आहे का पट्टी बांधली डोकं फुटलेल्याची?" आणि मुलीचा बाप हात जोडून मागे मागे. "हो मामा, चुकलं मामा, आणखी काय राहिलं ते सांगा मामा." पंखा आला. पाणी बदललं. बुंदी आत गेली आणि दुसरी आली — खरंच चांगली होती, मी खाल्ली.

आणि चिडलेलं कोणी नव्हतं! मुलीचा बाप नंतर मलाच सांगत होता, "मामा सरळ बोलतो ते बरं. नाहीतर लोक गावाला जाऊन वर्षभर बोलतात."

मी ताटावर तसाच बसलो. पंगत उठली तरी. वाढप्या म्हणाला, आबा, बरं वाटत नाही का?

मला इतकं बरं कधीच वाटलेलं नव्हतं.

ही माणसं मुकी नाहीत. यांना दोष दिसतात, बोलताही येतात. पण पाहुण्याने बोलायचे नसतात — वरपक्षाने बोलायचे! वरपक्षाने बोलले नाहीत तर उलट लोक म्हणतात, काही खोट आहे का?

मी त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. चूक तिथेच झाली.


शनिवार, २० फेब्रुवारी

जुईला सांगितलं, त्या सगळ्यांना वरपक्ष म्हणून बसवू. तिने आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "मुलगी दाखवायचा कार्यक्रम नाही करायचा हं आबा. मी तसलं चालू देणार नाही."

म्हटलं, बरोबर आहे तुझं. लग्न लागून गेलंय असं समजू. आता फक्त मानपान आणि रुसवे.

ती डबे उघडत म्हणाली, "अक्षता आहेत का घरात?"

उद्याचा आणि पुढचा, दोनच रविवार उरलेत होळीपर्यंत. लोक हसतील. निघून जातील. वेड लागलं म्हाताऱ्याला म्हणतील.


रविवार, २१ फेब्रुवारी

हसले! पण गेले नाहीत!

विद्याने क्लासच्या दारात रांगोळी काढली. मी टोपी घालून उभा. प्रत्येकाला कुंकू, अक्षता, हातात सुपारी. सागरला तर काही कळेना, "आ शुं छे, आबा? क्लासचं उद्घाटन तर कधीच झालं!" म्हटलं, तू मांडववाला, तू गप्प बस.

सगळे बसल्यावर मी हात जोडून बोललो. पाठ केलं होतं तरी विसरलो, जे आलं ते बोललो. "मंडळी, तुम्ही वरपक्ष. आम्ही वधूपक्ष. हा प्रोग्राम तुमच्या घरी नांदायला यायचा आहे. व्यवस्थेत काय काय कमी पडलं ते आत्ता सांगा. आत्ता सांगितलं तर आम्ही पाय धरू. नंतर गावभर सांगितलं तर मात्र आमचं नाक जाईल."

मग चिमाबाईंकडे वळलो. "विहीणबाई, तुम्ही सुरुवात करा."

विहीणबाई म्हटल्याबरोबर ती बाई ताठ झाली. पदर खोचला. खुर्ची मशीनपुढे ओढली आणि म्हणाली, "ह्ये वर 'संचिका' लिवलंय. ही कोण?"

जुई म्हणाली, "मावशी, संचिका म्हणजे फाईल."

"मंग फाईल लिवायला काय झालं? मला वाटलं तुझी कोणी मैत्रीण हाय, तिचं नाव टाकलंस. मी दोन रविवार तिला हात नाय लावला, परक्या पोरीला कशाला!"

सगळा क्लास हसून फुटला! आणि जो फुटला तो मग थांबेना.

सुकदेव उठलाच. "मामाकडं बघा जरा! एक अक्षर पुसायले जातो, दोन जातात. मामाच्या ताटातलं दुसरं अक्षर कोण खातं?"

चिमाबाई — "आणि वळ संपली का अक्षरं एकमेकांच्या उरावर बसत्यात. बसायला जागा नाय का वऱ्हाडाला?"

कौस्तुभ साहेब सगळ्यांत हळू, पण सगळ्यांत कडक. "मी नवरदेवाचा थोरला चुलत भाऊ. मला कोणी विचारलंच नाही म्हणून मी आधी पाच मिनिटं रुसणार आहे." रुसले! घड्याळ लावून! मग म्हणाले, "छपाईला टाकलं की मशीन गप्प बसतं. होय नाही, नाही नाही. मुलीकडच्यांनी निदान उत्तर द्यावं."

शोभाबाई शेवटी उठल्या. त्यांनी पहिल्या रविवारी हरवलेलं पान सांगितलं. आज मुद्दाम पुन्हा करून पाहिलं. फाईलला मराठीत नाव दिलं की ती उघडताना कोरी निघते. इंग्रजीत नाव दिलं तर शाबूत.

जुईच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे कोणी महिनाभर लिहिलेलं सगळं..." तिने स्वतः फाईल पुन्हा उघडून पाहिली. कोरी. चिमाबाई म्हणाली, "लय लागलं का गं पोरी? आमी थट्टेत—"

"नाही मावशी," जुई म्हणाली. डोळे भरलेले आणि हसतेय! "हाच. हाच मला दिसत नव्हता. आणखी सांगा."

मला मात्र प्रत्येक दोष सुईसारखा टोचत होता. दर वेळी वाटायचं, पुरे करा आता! पण हात जोडून म्हणत राहिलो, आणखी काय राहिलं ते सांगा. जीभ कोरडी पडली. वधूपक्षाचं काम सोपं नाही!

शोभाबाई जाताना म्हणाल्या, "आबा, सगळे बसले. तुम्ही कधी बसणार मशीनवर?" म्हटलं, मी वधूपक्ष. आम्हाला तक्रार करता येत नाही. बरी सबब सापडली.


बुधवार, २४ फेब्रुवारी

जुईने समजावलं. दोषांच्या तीन जाती असतात. बारका, म्हणजे नंतर बघू. मोठा, म्हणजे लवकर बघू. आणि तिसरा 'अडवणारा' — तो सुटल्याशिवाय आवृत्ती निघतच नाही, सगळ्या जगाने थांबायचं. शोभाबाईंचं हरवलेलं पान अडवणारा आहे. जुई दोन दिवस त्याच्याच मागे आहे. जेवायला उठवावं लागतं. डोळे बिघडतील म्हणून मी दर तासाने सांगतो आणि दर तासाने ती हो म्हणते.


रविवार, २८ फेब्रुवारी

न बोलावलेली माणसं आली! किलवणीहून भिमाबाई, चिमाबाईंची मैत्रीण — "हिथं रुसायला मिळतं म्हने?" सुरंगीहून शाळेतले एक मास्तर. सुकदेव त्याच्या पाळीतले दोघं घेऊन आला, दोघंही मामा! किती मामा झाले वराला, हिशेब नाही.

आणि शोभाबाईंनी मराठी नावाची फाईल ठेवली, बंद केली, उघडली. सगळे खुर्चीमागे दाटीने उभे.

पान जिथल्या तिथे!

चिमाबाईंनी पडद्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. जुईची दृष्ट काढली की मशीनची, कळलं नाही.


मंगळवार, २ मार्च

आज धुळवड. काल जुई होळी पेटायच्या आत वापीला जाऊन सगळे अहवाल पाठवून आली. किती भरले ते तिने सांगितलं, दहाच्या कितीतरी वर. आता आपल्या हातात काही नाही. हीच मला सगळ्यांत न सोसणारी गोष्ट.


बुधवार, १० मार्च

एक ई-मेल आली. तिकडचा एकजण विचारतो, इतकी चिडकी माणसं तुम्हाला कुठे सापडली? आमच्याकडे सगळे फारच सभ्य आहेत.

जुईने वरपक्ष म्हणजे काय ते इंग्रजीत लिहायला घेतलं. दोन पानं झाली तरी संपेना. मराठीचं काय ठरलं ते मात्र त्याने लिहिलेलं नाही!


गुरुवार, १८ मार्च

पाडवा. गुढी उभारली. बातमी नाही. चंद्रकांत म्हणाला, "सोमवारी डिस्पॅचला जायचंय ना?" जुई म्हणाली, हो. मी श्रीखंड खाल्लं नाही. ॲसिडिटी आहे सांगितलं.


रविवार, २१ मार्च

आली! मराठी आली! आवृत्ती निघाली आणि मराठी आत आहे!

वापीहून येताना जुईने बसस्टँडवरूनच हाक मारली म्हणे, मी नव्हतोच तिथे, तरी मारली. निघालेल्या आवृत्तीबरोबर तपासणाऱ्यांची नावं जातात. त्यात चिमाबाई आहेत! पापडवाल्या चिमाबाई, जगभर! त्यांना सांगायला गेलो तर म्हणाल्या, "आणि संचिका?" म्हटलं, फाईल झाली. "मंग बरं."

चंद्रकांत उठून फोटो परत आणायला गेला.


रविवार, ११ एप्रिल

पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं, त्याच कामाच्या जोरावर. जुई आज गेली. हसत गेली. मी पण हसलो. बस वळेपर्यंत.

गाडीत पाणी घेतलं की नाही, विचारायचं राहिलं.


मंगळवार, ११ मे

पहिले दोन आठवडे तिचा फोन आला, शेजारच्या एसटीडीवर. आता नाही. कामात असेल. आजारी तर नसेल? चंद्रकांत म्हणतो, आबा, नवी नोकरी आहे, बसू द्या जम. बसू देतोय. मी काय धरून ठेवलाय का जम?

सागर सांगत होता, पावसाळ्यात पुढची आवृत्ती निघायची आहे. पुन्हा तपासायला माणसं हवीत, त्या लोकांनी सगळीकडे कळवलंय. इथून कोण करणार? आणणारा मी आहे, पण लिहून घेणारी गेली. रविवारी क्लासवरून चक्कर मारली. दोन मशीनं झाकून ठेवलेली.


शुक्रवार, ४ जून

चिमाबाई दारात. "आबा, औंदा रुसायचं नाय का?"

म्हटलं, वधूपक्षच नाही, रुसणार कोणावर?

"ती पोर काय सासरी गेली का मेली? पुण्यात हाय ना? तार नाय का जात तिकडं? सागर म्हनतो आता त्याच्याकडनंच जातं ते मेल." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमी ह्या बाजूला या. त्या बाजूला बसून बसून वाळलात."


रविवार, ६ जून १९९९

हे वहीत नाही. सागरच्या क्लासात, मशीनवर लिहितो आहे. एका बोटाने. शोभाबाई शेजारी बसल्या आहेत आणि मुद्दाम मदत करत नाहीत.

जुई, आजपासून मी वरपक्षात. लिहून घे.

एक. अक्षर बारीक आहे. म्हाताऱ्याने ते मोठं कसं करायचं हे कुठे लिहिलेलं नाही. मोठा दोष.

दोन. एक उभी रेघ सारखी लुकलुकते. तिला काय हवं ते कळत नाही, उगाच घाई करते. बारका दोष, पण जीव घाबरा होतो.

तीन. मुलीकडची मंडळी पुण्याला गेली ती गेलीच. निरोप नाही. हा अडवणारा धरावा. लवकर कळव.